घराचं कर्ज : आधी उतारा, मग एजंट

पिंपळनेरात घर बांधायला काढलं की बँकेच्या आधी एजंट भेटतो. सिमेंट-सळईच्या दुकानात भाव विचारायला गेलात, तर दुकानदार गल्ल्यातून एक कार्ड काढून देतो. प्लॉट विकणारा तर व्यवहाराच्या बोलण्यातच सांगून टाकतो, ‘लोनचा माणूस आपलाच आहे.’ आणि तो माणूस फोनवर म्हणतो, ‘टेन्शन लेऊ नका भाऊ, फाइल माझ्यावर सोडा.’ साक्री वीस-पंचवीस किलोमीटर, धुळं ऐंशीच्या आसपास. एकेका कागदासाठी एकेक दिवस मोडायचा, तर हे वाक्य कुणालाही गोडच लागणार.

फाइल त्याच्यावर सोडावी का, की स्वतःच बँकेत जाऊन बसावं? याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. तुमची फाइल कुठे कच्ची आहे, यावर ते ठरतं. जागेचा कागद कच्चा आहे, उत्पन्नाचा पुरावा कच्चा आहे, की दोन्ही पक्के असून फक्त हेलपाट्यांचा कंटाळा आहे? बहुतेक लोक हे न तपासताच एजंटाला फोन लावतात. मग फाइल कुठे कच्ची आहे हे आधी त्याला कळतं, आणि तुम्हाला तो सोयीचं तेवढंच सांगतो.

आधी हा माणूस कोण ते पाहू. बँकांच्या भाषेत तो डीएसए, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट. बँकेशी किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीशी त्याचा करार असतो आणि कर्जाचे पैसे सुटले की रकमेच्या प्रमाणात त्याला कमिशन मिळतं. ते कर्ज देणारी संस्था देते, तुम्ही नाही. त्यामुळे ‘आमची सेवा फ्री आहे’ हे त्याचं म्हणणं एका अर्थी खरं असतं. पण आपण कांदा विकणारी माणसं आहोत, आपल्याला हे गणित नवं नाही. २०१६ मध्ये सरकारने भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. पट्टीतली ती कपात गेली, हे चांगलंच झालं. म्हणून अडत्या व्यापाऱ्याचा राहिला नाही आणि शेतकऱ्याचा झाला, असं कुणी म्हणेल का? डीएसएचंही तसंच. पैसे ज्याच्याकडून येतात त्याचा माल खपवणं हे त्याचं काम, आणि त्यात लबाडी काहीच नाही. लबाडी तो ‘मी तुमच्या बाजूने आहे’ म्हणतो तिथून सुरू होते.

तुमचा भाचा मेलबर्नला असेल तर तो सांगेल, ‘मामा, ब्रोकरशिवाय जाऊच नका.’ त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२१ पासून घरकर्जाच्या ब्रोकरवर ग्राहकाचं सर्वोत्तम हित पाहण्याचं कायदेशीर बंधन आहे. बँकांच्या गैरव्यवहारांची तिथे मोठी चौकशी झाली, त्यानंतर हा कायदा आला. आपल्याकडच्या डीएसएवर असं बंधन नाही. त्याने कसं बोलावं, कधी फोन करावा, खोटी आश्वासनं देऊ नयेत, अशी आचारसंहिता आहे, पण ‘तुमच्यासाठी सर्वांत स्वस्त कर्ज शोध’ असं तिच्यात कुणी त्याला सांगितलेलं नाही. तो चार ठिकाणचे दर दाखवत असेल, तर त्याचे करार असलेली ती चार ठिकाणं आहेत. पाचवं, कदाचित तुमच्या पगाराच्या खात्याची बँकच, त्या यादीत नसेल.

आता जागेचा कागद. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या भागात घरकर्जाची फाइल व्याजदरावर अडत नाही, उताऱ्यावर अडते.

गावठाणातलं जुनं घर पाडून नवं बांधायचं असेल, तर हातात बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो. आजोबांच्या नावाची नोंद, त्यावर घरपट्टी भरल्याच्या पावत्या. लोकांना वाटतं, पिढ्यानपिढ्या पट्टी भरली म्हणजे मालकी पक्की. बँकेच्या पॅनेलवरचा वकील तसं मानत नाही. नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही आहे, मालकीचा दस्त नाही. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते. वकिलाला हवं असतं ते खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र, वारसांच्या नोंदी आणि मालकी हातोहात कशी बदलत आली याचा साधारण तीस वर्षांचा शोध. ड्रोनने मोजणी होऊन गावठाणाची मिळकत पत्रिका निघाली असेल, तर काम बरंच सोपं होतं. ती निघाली आहे का, आणि तिच्यावर नाव आजोबांचं, वडलांचं की चारही काकांचं, हे भूमिअभिलेख कार्यालयात आधीच पाहून या. पिंपळनेर ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत आलं तशा जुन्या नोंदीही नव्या दप्तरात जायच्या आहेत. तुमची नोंद नीट आली आहे ना, नावात वेलांटी-उकाराचा फरक पडलेला नाही ना, हे कर्ज मागण्याआधी तपासायचं. मागितल्यानंतर तपासायला गेलात तर फाइल महिनाभर पडून राहते आणि त्या महिन्यात सळईचा भाव तुमच्यासाठी थांबत नाही.

नव्या प्लॉटची गोष्ट वेगळी. रस्त्याकडेच्या शेतात फक्की मारून प्लॉट पाडलेले असतात, दोन गुंठे, तीन गुंठे. विकणारा म्हणतो, एनए होऊन जाईल. ‘होऊन जाईल’ या शब्दांवर कुठलीही बँक कर्ज देत नाही. तिला बिगरशेती आदेश किंवा सनद लागते, मंजूर लेआउटचा नकाशा लागतो आणि सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर तुमचं स्वतंत्र नाव लागतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला महसूल संहितेच्या कलम ४२ ड खाली रूपांतरण कर भरून निवासी वापराची मुभा मिळते. तुमचा प्लॉट त्यात बसतो का, हे विचारायला तहसील कार्यालयात जावं लागेल. तुकडेबंदीत अडकलेल्या छोट्या प्लॉटांचे जुने व्यवहार नियमित करण्याची वाटही सरकारने २०२५ मध्ये मोकळी केली. पण मोकळी झालेली वाट तुम्ही चालून गेल्याचा कागद जोडल्याशिवाय बँकेच्या लेखी ती नसल्यासारखीच.

सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना वाचायची सवय आपल्याला नाही. सोसायटीचं पीककर्ज, विहिरीसाठी वडलांनी घेतलेलं भूविकास बँकेचं कर्ज, कधीकाळचा तगाईचा बोजा, सगळं तिथे बसलेलं असतं. भूविकास बँकेच्या कर्जदारांना २०२२ मध्ये सरकारने माफी दिली, पण माफी मिळणं आणि उताऱ्यावरून बोजा उतरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. दाखला आणून तलाठ्याकडे फेरफार नोंदवावा लागतो. हे काम एजंट करत नाही. ‘करून देतो’ म्हणाला तरी तो कुणालातरी पैसे देऊन करून घेणार, आणि ते पैसे तुमचेच.

साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडची बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासी खातेदाराच्या जमिनीचं बिगर आदिवासीकडे हस्तांतरण, आणि त्यात गहाणही आलं, महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. विक्रीसाठी तर वर शासनाची मान्यताही लागते. ही तरतूद खातेदाराच्या संरक्षणासाठी आहे, आणि ती असावीच असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिचा एक परिणाम असा की आश्रमशाळेत कायम नोकरीला असलेल्या, दर महिन्याला पगार खात्यात येणाऱ्या आदिवासी शिक्षकाच्या फाइलवरही बँक ‘जागा चालणार नाही’ असा शेरा मारते. अशा वेळी ‘मी काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे एक तर सोन्यावरचं किंवा पगारावरचं महागडं वैयक्तिक कर्ज असतं, नाहीतर नुसतं बोलणं असतं. इथे आधी पाहायची ती शबरी घरकुल योजना आणि नाशिकला मुख्यालय असलेलं शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ. बँकेला स्पष्ट विचारायचं, ‘परवानगीचा आदेश आणला तर कर्ज द्याल का?’ लेखी ‘हो’ मिळालं, तरच त्या परवानगीच्या मागे लागण्यात अर्थ आहे.

जागेचा दोष कुठलाही एजंट दुरुस्त करू शकत नाही, हे एकदा मनाशी पक्कं करा. तो फक्त तो दोष चालवून घेणारी संस्था शोधू शकतो. अशी संस्था ती जोखीम तुमच्या व्याजात धरते.

किती धरते, ते मांडून पाहू. वीस लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत. आठ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे १६,७३० रुपये. अकरा टक्क्यांनी येतो सुमारे २०,६४५. महिन्याला ३,९०० रुपयांहून जास्त फरक, आणि वीस वर्षांत नऊ लाखांच्या वर. त्या मानाने साडेआठ आणि आठ यांतला फरक महिन्याला सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे एकूण दीड लाख. दोन बँकांत अर्ध्या टक्क्यासाठी घासाघीस करणारे लोक मी पाहतो. पण बँक सोडून कंपनीकडे जाताना तीन टक्के सहज हातचे जातात, तिकडे त्यांचं लक्ष नसतं.

व्याजात आणखी एक फरक आहे, आणि तो एजंट सहसा काढत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची घरकर्जं बाहेरच्या दराशी बांधावी लागतात. बहुतेकींनी ती रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी बांधली. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. तो उतार अशा कर्जदारांच्या हप्त्यात किंवा मुदतीत आपोआप आला. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा मूळ दर त्या स्वतः ठरवतात. दर चढताना तो झपाट्याने चढतो आणि उतरताना रेंगाळतो, ही तक्रार जुनी आहे. म्हणून आजचा दर विचारून थांबू नका. तो कशाशी बांधलेला आहे आणि किती महिन्यांनी बदलतो, हेही विचारा.

आता उत्पन्न. जिल्हा परिषदेचा शिक्षक, एसटीचा चालक, महावितरणचा कर्मचारी, पेन्शनर यांनी एजंटाकडे का जावं, हे मला कधीच कळलेलं नाही. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे तुमचा सगळा हिशोब आधीच आहे. वेतनचिठ्ठ्या, फॉर्म १६, सहा महिन्यांचं खातं, जागेचे कागद हे सगळं घेऊन शाखेत जा. शाखा फाइल घेते, मंजुरी बहुतेक वेळा मोठ्या गावच्या प्रोसेसिंग सेंटरवरून येते. म्हणून ‘साहेब, आमची फाइल कुठे आहे आणि कुणाच्या टेबलावर आहे’ हे विचारायला लाजू नका. हेलपाटे होतील, पण ते दोन-चार आणि ज्यांचा शेवट माहीत आहे असे.

एक गंमत लक्षात ठेवा. ‘आम्ही तर थेट बँकेतच गेलो होतो’ म्हणणाऱ्यांपैकीही काहीजण एजंटाच्याच हातून गेलेले असतात. शाखेत कोपऱ्यातल्या टेबलाशी गळ्यात ओळखपत्र अडकवून बसलेला तरुण बँकेचा कर्मचारी असेलच असं नाही. काही मोठ्या सरकारी बँकांनीही कमिशनवर काम करणारे गृहकर्ज सल्लागार ठेवले आहेत. त्यात गैर काही नाही, शेवटी फाइल त्याच बँकेत जाते. पण सरळ विचारा, ‘तुम्ही बँकेचे की डीएसए?’ प्रामाणिक माणूस न चिडता उत्तर देतो.

एजंटाचा खरा उपयोग होतो तो दुसऱ्या प्रकारच्या माणसाला. कांदा-टोमॅटोचं दहा एकर, बरोबर दुधाचा धंदा किंवा छोटा टेम्पो. हातात पैसा खेळतो, पण आयकर विवरणपत्र कधी भरलेलं नाही, कारण शेतीच्या उत्पन्नाला कर नाही आणि उरलेलं कुणी मोजलेलं नाही. सरकारी बँकेचा अधिकारी विवरणपत्र मागतो आणि विषय संपतो. काही हाउसिंग फायनान्स कंपन्या मात्र माणूस घरी पाठवतात, बाजार समितीच्या पट्ट्या पाहतात, डेअरीचं पासबुक पाहतात, शेजारच्या दुकानदाराला विचारतात आणि उत्पन्नाचा अंदाज बांधून कर्ज देतात. पण त्यातल्या कित्येकींची हद्द शाखेपासून ठरावीक किलोमीटरपर्यंतच असते. धुळ्याची शाखा पिंपळनेर घेते का, की तुमचं गाव सटाण्याकडच्या शाखेत जातं, हे बाहेरून कळत नाही. कुठली कंपनी शेलबारी घाटाच्या अलीकडे फाइल घेते आणि कोण नुसतं पाहतो म्हणून महिना घालवतं, हे जाणकार एजंटाला पाठ असतं. त्याची खरी किंमत या माहितीला आहे. अशा माणसाने एजंट घ्यावा, आणि डोळे उघडे ठेवून घ्यावा.

डोळे उघडे म्हणजे काय? पहिल्यांदा सिबिल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तुमचा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. अशा ब्युरो चार आहेत. ट्रान्सयुनियन सिबिलचं नाव सर्वांना माहीत असतं, बाकीच्या एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. अहवाल स्वतः काढा. फिटलेलं ट्रॅक्टरचं कर्ज अजून चालू दिसतंय का, कुणाला तरी जामीन राहिलात ते खातं थकलंय का, हे त्यात दिसतं. मग एजंटाला बजावून सांगा : माझी फाइल एका वेळी एकाच ठिकाणी टाका. कारण तो पाच ठिकाणी फाइल ‘लॉगिन’ करतो तेव्हा पाचही संस्था तुमचा अहवाल मागवतात, आणि थोड्या दिवसांत झालेल्या अशा चौकशा गुण खाली ओढतात. सहाव्याला मग तुम्ही दारोदार फिरणारे कर्जदार दिसता. पॅन, आधार आणि ओटीपी एकदा त्याच्या हाती गेले की फाइल कुठे कुठे फिरली हे तुम्हाला कळतही नाही. ओटीपी आला की तो कशासाठी आहे ते वाचा, मगच सांगा, आणि खरं तर सांगूच नका, स्वतः टाका.

दुसरी गोष्ट पैशाची. लॉगिन फी, प्रोसेसिंग फी, वकिलाची आणि मूल्यांकनाची फी हे खर्च असतातच, पण ते संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या पावतीवर. एजंटाच्या हातात रोख, किंवा त्याच्या वैयक्तिक फोनपेवर काहीही नाही. तिथे एक कागद तुमच्या कामाला येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून घरकर्जासह सर्व किरकोळ कर्जांना केएफएस, म्हणजे मुख्य तथ्य विवरणपत्र, देणं बँका आणि कंपन्यांवर बंधनकारक आहे. व्याज, प्रोसेसिंग, विमा, कायदेशीर खर्च हे सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो, तो आकडा त्यात एका ठिकाणी असतो. विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, म्हणजे मराठीत मागा. दिल्यानंतर किमान तीन कामकाजाचे दिवस त्यातल्या अटी कायम राहतात. तेवढ्या दिवसांत घरी आणून शिकलेल्या मुलीला-सुनेला वाचायला द्या. त्यात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय संस्था पुढे कधीही लावू शकत नाही. आणि एखादा एजंट ‘वरचे’ दोन टक्के मागत असेल, तर ते या कागदावर कधीच नसतात. तेवढी एक खूण पुरेशी आहे.

दोन प्रस्तावांची तुलना करतानाही हप्ता किंवा जाहिरातीतला दर धरू नका, केएफएसमधला तो एकूण वार्षिक दर धरा. साडेआठ टक्के सांगणाऱ्याने दोन टक्के प्रोसेसिंग आणि लाखभराचा विमा कर्जातच घातला असेल, तर पावणेनऊ सांगणारा स्वस्त ठरू शकतो. कर्जदाराचा आयुर्विमा सक्तीचा नाही. घरात कमावतं माणूस एकच असेल तर तो घेणं शहाणपणाचं आहे, पण तो स्वतंत्र, साधा आणि वर्षाला हप्ता भरायचा घ्या. एकरकमी हप्ता कर्जात मिसळला की त्याच्यावरही वीस वर्षं व्याज चालतं, आणि त्या विम्याचं कमिशन वेगळंच.

तिसरी गोष्ट सहीची. ‘तीन वर्षांचे आयटीआर एकदम भरून देतो’, ‘पगाराची स्लिप बनवून देतो’, ‘व्हॅल्युएशन वाढवून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. कागद त्याने बनवला तरी सही तुमची असते, आणि फसवणुकीचा गुन्हा सही करणाऱ्यावर दाखल होतो. मूल्यांकनाचा मोह का पडतो तेही सांगतो. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के कर्ज देता येतं. पण किंमत म्हणजे तुम्ही दिलेली नव्हे, कागदावरची. खरेदीखत सरकारी भावाने केलं आणि उरलेले रोख दिले, की बँकेच्या हिशोबात ते रोख नसतातच. मग तेवढं भगदाड बुजवायला हे उद्योग सुरू होतात. दस्त खऱ्या रकमेचा करा. मुद्रांक थोडा जास्त लागेल, कर्ज मात्र सरळ मिळेल.

कोरे चेक एजंटाकडे ठेवू नका. मूळ खरेदीखत फक्त कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात, कागदांच्या यादीवर सही-शिक्का घेऊन द्या. महाराष्ट्रात असं दस्त ठेवून झालेल्या गहाणाची सूचना तीस दिवसांच्या आत निबंधक कार्यालयात नोंदवावी लागते आणि ती ऑनलाइनही होते. गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीची, म्हणजे सरसाईची, फी तर पाच लाखांवरच्या कर्जाला शंभर रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. या दोन नोंदींच्या नावाखाली कुणी दहा-पंधरा हजार मागत असेल तर हिशोब मागा. मुद्रांक शुल्क वेगळं असतं, तेही चलनासकट दाखवायला सांगा.

पतसंस्था हा आपल्याकडचा तिसरा पर्याय. ओळखीचे संचालक, आठ दिवसांत पैसे. पतसंस्थेवर देखरेख सहकार खात्याची, रिझर्व्ह बँकेची नाही, त्यामुळे वर सांगितलेले केएफएस वगैरे नियम तिथे लागू नाहीत. व्याजही बँकेपेक्षा बरंच जास्त. अपुरं पडणारं लाख-दोन लाख वर्षभरासाठी घ्यायला ती ठीक, वीस वर्षांच्या घरासाठी नाही. आणि गहाणाऐवजी साधं खरेदीखत लिहून मागणारा सावकार कितीही ओळखीचा असला तरी त्याच्या वाटेला जाऊ नका. २०१४ च्या सावकारी कायद्यात अशी बळकावलेली मालमत्ता परत मिळवण्याची तरतूद आहे, पण तिचा उपयोग करण्याची वेळ तुमच्यावर का यावी?

समजा, आज नाइलाजाने कंपनीचं महागडं कर्ज घ्यावं लागलं. ती काही जन्मठेप नाही. आयकर विवरणपत्र दरवर्षी भरा, व्यवहार खात्यातून करा, हप्ता एकही चुकवू नका. दोन-तीन वर्षांनी तुमची फाइल वेगळीच दिसेल, आणि तेव्हा बँकेकडे बॅलन्स ट्रान्सफर मागा. स्वतःच्या घरासाठी बदलत्या दराने घेतलेलं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, मग ते दुसऱ्या बँकेच्या पैशातून का फेडेना. मात्र करारात सुरुवातीची काही वर्षं दर ‘फिक्स्ड’ ठेवलेला नाही ना, हे सही करण्यापूर्वीच पाहून घ्या. आणि दर दीड वर्षाने एजंटाने सुचवलं म्हणून कर्ज हलवत बसू नका. प्रत्येक हलवण्यात त्याला नवं कमिशन मिळतं, तुम्हाला नवी प्रोसेसिंग फी, नवा वकील आणि पुन्हा वीस वर्षांची मुदत.

बँकेशी किंवा तिच्या डीएसएशी वाद झाला, तर आधी बँकेलाच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर विचारणा करता येते, वकील लागत नाही, फी नाही. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार मात्र नॅशनल हाउसिंग बँकेच्या पोर्टलवर करायची असते. एजंट संस्थेच्या नावाने बोलला असेल तर ‘तो आमचा नाही’ म्हणून संस्थेला हात झटकता येत नाहीत. म्हणून त्याचं पूर्ण नाव, डीएसए कोड आणि तो ज्या संस्थेसाठी काम करतो तिचं नाव पहिल्याच भेटीत लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने सांगितलेला दर आणि खर्च पुसू नका.

कर्ज फिटेल त्या दिवशीचं एक काम आत्ताच लिहून ठेवा. शेवटचा हप्ता गेल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत देणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं संस्थेवर बंधनकारक आहे. तिच्यामुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. डिसेंबर २०२३ पासूनचा हा नियम आहे. कागद हाती आले की नाहरकत दाखला घेऊन उताऱ्यावरचा बोजा स्वतः जाऊन कमी करून घ्या, आणि नवा उतारा काढून फाइलला लावा.